मागच्या आवारातले काका

आमच्या प्राणीसंग्रहालयात बाहेरून येणारा प्रत्येक प्राणी पहिले तीस दिवस एका माणसाकडे राहायचा. तिकीट काढून येणाऱ्यांनी तो माणूस कधी पाहिला नाही. आत काम करणाऱ्यांपैकीही निम्म्यांची त्यांच्याशी ओळख होती ती लांबून हात वर करण्यापुरती. ते मागच्या आवारात असायचे म्हणून सगळे त्यांना 'मागचे काका' म्हणायचे. मी तिथे डॉक्टर म्हणून लागले तेव्हा त्यांनी छप्पन्नावं ओलांडलं होतं आणि त्या आवारात त्यांना बावीस वर्षं झाली होती.

मुख्य फाटकापासून मागचं आवार चालत वीस मिनिटांवर. हरणांचं कुरण संपलं, गवताची गोदामं संपली की एक हिरवं लोखंडी दार लागायचं. दारातच जंतुनाशकाच्या पाण्याची चौकोनी कुंडी होती, तिच्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आत सात कोठड्या, प्रत्येकीला पुढे थोडं अंगण, एक पाण्याचा हौद आणि काकांची पत्र्याची खोली. नव्या प्राण्याबरोबर कुठला रोग आला असेल सांगता येत नाही, म्हणून त्याला महिनाभर सगळ्यांपासून वेगळा ठेवायचा, शेण-लघवी-रक्त तपासायचं आणि सगळं ठीक निघालं की पुढे पाठवायचा. या कामाचा एक नियम होता. जो माणूस त्या प्राण्यांना हात लावतो त्याने दुसऱ्या कुठल्या प्राण्याजवळ जायचं नाही आणि दुसऱ्यांनी त्याच्याकडे यायचं नाही.

त्यामुळे काका सकाळी मागच्या दाराने यायचे आणि संध्याकाळी मागच्या दाराने जायचे. कॅन्टीन पुढे होतं. तिथे जायचं तर अंघोळ करून कपडे बदलावे लागत आणि परत येताना पुन्हा तेच. काकांनी पहिल्या वर्षीच तो नाद सोडला होता. दुपारी खोलीच्या पायरीवर बसून ते डबा खायचे, उकडलेले बटाटे आणि पाव. बटाटे खाताना सालं बाजूला काढून ठेवायचे आणि मग तीही खायचे.

डॉक्टरला या नियमातून सूट होती; मी आठवड्यातून दोनदा, वेगळे कपडे चढवून, नमुने घ्यायला जायची. पहिले दोन महिने आमचं बोलणं 'किती खाल्लं' आणि 'किती टाकलं' यापलीकडे गेलं नाही. मग एके दिवशी एका माकडिणीचं रक्त घेताना मी सहज विचारलं, "काका, हिचं नाव काय ठेवलंत?"

"मी नावं ठेवत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे येतात ते पाहुणे. मुक्काम तीस दिवसांचा, त्यातले निम्मे दिवस तोंड फुगवून बसण्यात जातात. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते. एकतिसाव्या दिवशी कुणाला हाक मारायची?"

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बादली कुठे ठेवायची ते सांगावं तसं सांगितलं.

एकदा ते तापाने पडले. बावीस वर्षांतली त्यांची ती तिसरी रजा होती, म्हणून मी चौकशीला त्यांच्या घरी गेले. एका लाँड्रीच्या वर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खालच्या इस्त्रीच्या वाफेने भिंती कोमट लागायच्या. सगळं जागच्या जागी. खिडकीशी एक शिवणयंत्र, त्यावर धुतलेलं फडकं टाकलेलं. काकी घरी बसून शिवणकाम करायच्या. मूत्रपिंडाच्या आजाराने सहा वर्षांपूर्वी गेल्या.

तापात माणूस जरा सैल बोलतो. यंत्राकडे पाहत काका म्हणाले, "तिला मांजर पाळायचं होतं. जिन्यात एक यायचं, पांढरं. मी नाही म्हटलं. आमच्या कामात घरी जनावर ठेवायला बंदी असते. ती म्हणाली, मग दिवसभर मी भिंतींशी बोलू का? मी म्हटलं, नियम आहे. नियम होताच, डॉक्टर. पण मी तो जरा जास्तच आवाज चढवून सांगितला." मग मला म्हणाले की लाँड्रीवाल्याकडे माझा शर्ट तयार असेल, जाताना तेवढा वर पाठवायला सांगा.

त्यांना एक मुलगी होती. लग्न होऊन लांबच्या देशात गेलेली. रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. टेबलावर फोनच्या शेजारी मला एक चिठ्ठी दिसली. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पाऊस नाही. गुडघा बरा. नवीन पाइप टाकला. नातीची शाळा विचारणे.' माझं लक्ष गेलेलं पाहून ते ओशाळले. "फोन हातात आला की काही सुचत नाही. म्हणून आठवडाभर जे आठवेल ते लिहून ठेवतो. तरी चार मिनिटांत संपतं."

त्याच वर्षी आमच्याकडे विस्ताराचं वारं शिरलं. शेजारची बंद पडलेली वीटभट्टी आणि तिच्यामागचं माळरान संस्थेला मिळालं होतं. संचालक साहेबांनी कार्यालयाची एक अख्खी भिंत मोकळी करून तिच्यावर नकाशा लावला. हिरव्या रंगात जुनं, नारिंगी रंगात नवं. पाणमांजरांसाठी काचेचा ओढा, पक्ष्यांसाठी आत चालत जाता येईल एवढी मोठी जाळी, तळ्याकाठी टापीरांसाठी जागा. संचालक माणूस चांगला होता. फक्त नकाशापुढे उभा राहिला की त्याला माणसं दिसेनाशी व्हायची.

वर्षभरात चौतीस नवे प्राणी यायचे होते आणि ते सगळे काकांच्या हिरव्या दारातून. झेब्रे आले. पाणमांजरांची जोडी आली आणि तिने पहिल्याच दुपारी हौदाचं बूच उपटून काढलं. सहा पेलिकन आले, त्यांना प्रत्येकाला वेगळं भरवावं लागायचं, कारण एकत्र सोडले की एकच सगळ्यांचे मासे गिळून साधूसारखा डोळे मिटून बसायचा. मदतीला माणूस देऊ का असं संचालकांनी विचारलं. काका म्हणाले, "त्याला शिकवायला माझा जेवढा वेळ जाईल तेवढ्यात माझं काम होतं." खरं तर बोलायला लागलं असतं, त्याची त्यांना धास्ती होती.

टापिरीण आली ती ट्रकच्या शेवटच्या फेरीत. टापीर लोकांना फारसा ठाऊक नसतो. अंग भरलेल्या डुकरासारखं, पाय आखूड आणि नाक एवढं लांब की हत्तीने सोंडेचं काम अर्ध्यावर सोडलंय असं वाटावं. ही नऊ वर्षांची, करड्या तपकिरी रंगाची. कागदावर लिहिलेलं, 'वर्षभर एकटी ठेवलेली, स्वभावाने शांत.' तिच्या जोडीसाठी नर दुसऱ्या संग्रहालयातून नंतर यायचा होता.

शांत होती ती भीतीने. तीन दिवस तिने तोंडात काही घेतलं नाही. कोठडीच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून उभी. मधूनच बारीक शीळ घालायची. एवढ्या मोठ्या देहातून चिमणीच्या पिल्लाएवढा आवाज यायचा. चौथ्या दिवशी मी गेले तर काका आत, तिच्याकडे पाठ करून उपड्या बादलीवर बसलेले आणि गाजरं चिरत होते. तिने शीळ घातली. काकांच्या पुढच्या दातांत फट होती, त्यातून त्यांनी तशीच शीळ घातली. ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा. काकांनी पुन्हा. मी दाराशी उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मी तशीच मागे फिरले आणि बाहेर कुंडीपाशी येऊन खोकले.

दहाव्या दिवसापर्यंत ती त्यांच्या हातून खायला लागली. टापीराच्या अंगाला खरारा केला की तो गुंगी आल्यासारखा आडवा होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. काकांनी ते वाचलं नव्हतं. अंगणात झाडतानाच तिच्या पाठीला खराट्याचा धक्का लागला आणि ती धपकन बाजूवर पडली. "मला वाटलं, मेली," ते मला सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. तेव्हापासून रोज सकाळी ते जाड ब्रशने तिला अर्धा तास घासायचे. एकच दुखणं होतं, टापीर पाण्यातच घाण करतात. त्यामुळे हौद रोज रिकामा करून घासावा लागायचा. काका म्हणायचे, "बाई खानदानी आहे. पाण्याशिवाय जात नाही."

सव्विसाव्या दिवशी मी कोठडीबाहेर तपासणीचे कागद भरत होते, तेव्हा ते हात पुसत आले. "डॉक्टर, हिचं पोट मला बरोबर वाटत नाही."

"खातेय चांगली, म्हणून," मी म्हटलं.

"खाणं मीच देतो. खाण्याचं पोट खाली सुटतं. हिचं बाजूने भरलंय. आणि डाव्या अंगावर पडायला बघत नाही."

"काका, ती वर्षभर एकटी होती. कागदावर आहे."

"कागद लिहिणाऱ्याने तिला बघितलं असेलच असं नाही."

मला ते आवडलं नाही. मी नवीन होते, आणि नवीन माणसाला आपल्या शिक्षणाची काळजी फार असते. सगळे नमुने स्वच्छ आले होते. तिसाव्या दिवशी नव्या तळ्याकाठच्या जागेचं उद्घाटन ठरलं होतं, पत्रिका छापून झाल्या होत्या. मी तिच्या सुटकेच्या कागदावर सही केली.

तिसाव्या दिवशी सकाळी पिंजऱ्याची गाडी मागच्या आवारात गेली आणि तशीच परत आली. ड्रायव्हर म्हणाला, "काकांनी दार आतून लावलंय. उघडत नाहीत."

संचालक, मी आणि पर्यवेक्षक असे तिघे गेलो. काका दाराच्या आत उभे होते, किल्ल्या हातात. घाबरलेले दिसत होते. बावीस वर्षांत त्यांनी वरच्या माणसाला 'नाही' म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते कसं म्हणायचं हेही त्यांना माहीत नव्हतं.

"उघडा," संचालक म्हणाले.

"साहेब, आज नको."

"का नको?"

"तिच्या पोटात आहे. गाडीत हादरे बसतील."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सही केलेली होती. त्या क्षणी मी माझी सही धरून बसले असते तर काकांवर कारवाई झाली असती. पण काका माझ्याकडे पाहत नव्हते, बुटांकडे पाहत होते. त्यामुळेच मला लाज वाटली. मी म्हटलं, "साहेब, मला दोन तास द्या. सोनोग्राफी करून घेते."

एरवी एवढ्या जनावराची सोनोग्राफी म्हणजे भूल द्यावी लागते आणि पोटात गर्भ असेल तर भूल धोक्याची. काका म्हणाले, "भूल कशाला, मी पाडतो." ब्रश घेऊन आत गेले, तिच्या पाठीपासून सुरुवात केली, मग मान, मग पोटाच्या कडेला. दोन मिनिटांत ती उजव्या अंगावर आडवी झाली आणि डोळे मिटले. मी गुडघ्यांवर बसून तिच्या पोटाला यंत्र लावलं. आधी काहीच कळेना. मग पडद्यावर फासळ्यांची एक ओळ आली, नीट मांडलेली, आणि तिच्यामागे लुकलुकणारं काळीज.

मी पडदा काकांकडे वळवला. ते ब्रश चालवत राहिले, थांबले तर ती उठली असती. नुसतं म्हणाले, "एकच आहे ना?"

"एकच."

"बरं. एकच बरं."

मी तिच्या जुन्या प्राणीसंग्रहालयाला फोन लावला. तिथल्या माणसाने आढेवेढे घेत सांगितलं की नर शेजारच्याच खोलीत होता, अकरा महिन्यांपूर्वी हलवला, पण मध्ये भिंत होती. मी विचारलं, भिंतीला दार होतं का? तो म्हणाला, दार तर असतंच. टापिरिणीचे दिवस भरायला तेरा महिने लागतात. उद्घाटन पुढे ढकललं आणि बाई काकांकडेच राहिली.

बरोबर सात आठवड्यांनी, सकाळी साडेनऊच्या सुमारास तिने हौदात जायचं सोडून गवत गोळा करायला सुरुवात केली. काकांचा निरोप आला तशी मी धावत गेले. नेमकं त्याच दिवशी भिंतीपलीकडे भट्टीची जुनी चिमणी पाडायला यंत्र आलं होतं. दर मिनिटाला एक दणका. प्रत्येक दणक्याला ती उठून उभी राहायची, कोपऱ्यात जायची, थरथरायची.

मी कार्यालयात फोन लावत होते, तो लागत नव्हता. मागे वळून पाहिलं तर काका नव्हते. भिंतीला शिडी लावून पलीकडे उतरले होते. त्यांनी तिथल्या मुकादमाला काय सांगितलं ते मी शिडीवर चढून ऐकलं.

"दादा, आमच्याकडे एक बाळंतपण आहे. जरा दोन तास थांबाल का?"

मुकादम वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "दवाखाना आहे का इथे?"

"नाही. जनावर आहे. पण तिचं पहिलंच आहे आणि ती एकटी आहे."

मुकादमाने थोडा विचार केला, मग हात वर करून यंत्रवाल्याला खूण केली. यंत्र थांबलं. आठ-दहा कामगार विटांच्या ढिगावर बसले आणि कुजबुजत बोलायला लागले, जसं दवाखान्याच्या बाकावर बसून बोलतात. काका शिडी चढून परत आले. "इतकं बोलावं लागलं," ते मला म्हणाले, जणू मीच त्यांना पाठवलं होतं.

पिल्लू पावणेबाराला झालं. आईने त्याच्या अंगावरचा पातळ पडदा चाटून काढला आणि आतून जे निघालं ते पाहायला आम्ही दोघेही पुढे वाकलो. टापीराचं पिल्लू आईसारखं दिसत नाही. गडद अंगावर पांढऱ्या रेघा आणि ठिपके, एखाद्या पट्ट्यापट्ट्यांच्या कलिंगडाला पाय फुटावेत तसं. वजन सात किलोच्या आसपास. तासाभरात ते उभं राहिलं. पण दूध पिईना. टापिरीण आडवी होऊन पाजते, आणि ही आडवी व्हायला तयार नव्हती. नवं काहीतरी आपल्या पायात घुटमळतंय, त्यापासून ती बाजूला सरकत होती. दोन तास गेले. अडीच गेले. पिल्लाची शीळ बारीक होत चालली. मी बाटलीची तयारी केली, पण पहिलं दूध आईचंच हवं असतं आणि एकदा बाटली लावली की पुन्हा आईकडे वळवणं कठीण.

"आत जाऊ का?" काकांनी विचारलं.

व्यायलेल्या जनावराजवळ जाणं म्हणजे हात गमावण्याचा धोका. टापीराचे दात दिसतात त्यापेक्षा फार वाईट असतात. मी नको म्हणायला हवं होतं. "हळू," एवढंच मी म्हटलं.

ते पाठमोरे आत शिरले, शीळ घालत. एका जागी बसून राहिले. मग हळूहळू सरकत तिच्या बाजूला गेले आणि पाठीवर ब्रश ठेवला. तिने मान फिरवून दात दाखवले. त्यांनी ब्रश उचलला नाही, हलवलाही नाही. बऱ्याच वेळाने एकदा खाली ओढला. मग पुन्हा. दहा मिनिटं झाली असतील, तिचे मागचे पाय दुमडले, मग पुढचे, आणि ती पडली. पिल्लू धडपडत पोटाशी आलं, दोन-तीनदा चुकलं आणि मग त्याला सापडलं. चुटूचुटू आवाज यायला लागला.

काका पाऊण तास ब्रश ओढत राहिले. त्यांचा गुडघा आखडला तेव्हा मी खुणेने विचारलं, बाहेर येता का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा चेहरा ओला होता, पण घामही बराच आला होता, त्यामुळे मी काही ठरवलं नाही. भिंतीपलीकडून मुकादमाचं डोकं वर आलं. त्याने बोटाने विचारलं, झालं? मी हो म्हटलं. तरी त्या दिवशी त्यांनी यंत्र लावलं नाही.

पुढचा रविवार मला त्यांनीच नंतर सांगितला. फोन आला. चिठ्ठी नव्हती. त्यांनी मुलीला सगळं सांगितलं, गाजरांपासून मुकादमापर्यंत. नातीला रेघा किती ते विचारायचं होतं, त्यांनी मोजल्या नव्हत्या, पुढच्या वेळी सांगतो म्हणाले. चाळीस मिनिटं झाली. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढं बोलता हे मला माहीतच नव्हतं. आईशी बोलायचात का असं?"

"काय सांगितलंत मग?" मी विचारलं.

"आवाज नीट येत नाही म्हटलं," काका म्हणाले.

मायलेकरं पाच महिने त्यांच्याकडे राहिली. दुसरं कुणीच आजवर तिथे एवढं राहिलं नव्हतं. पिल्लू त्यांच्या बुटांच्या नाड्या ओढायचं, हौदात उडी मारून त्यांना भिजवायचं, झाडलेल्या जागीच लोळायचं. काका त्याला ओरडायचे. आधी नुसतं 'ए', मग 'ए बेट्या', आणि एक दिवस मी त्यांना त्याला 'कलिंगड' म्हणताना ऐकलं. मी ऐकलं हे मी कळू दिलं नाही. त्या काळात ते मलाही आपणहून चहा द्यायला लागले. खोलीत कप एकच होता, म्हणून मला कपात आणि स्वतःला डब्याच्या झाकणात.

पाचव्या महिन्यात रेघा फिकट झाल्या, आईसारखा रंग चढायला लागला. नकाशावरची नारिंगी जागा तयारच होती. या वेळी दार लागलेलं नव्हतं. काकांनी स्वतः दोघांना गाजराच्या मागे पिंजऱ्यात चढवलं, कड्या लावल्या, दोनदा ओढून पाहिल्या आणि हौद घासायला गेले. उद्घाटनाला त्यांना बोलावणं होतं. आले नाहीत. पाटीवर लिहिलेलं, 'आमच्या प्राणीसंग्रहालयात जन्मलेला पहिला टापीर.' नावासाठी शाळांतून स्पर्धा घेतली होती आणि त्याला एक ऐटबाज नाव मिळालं. माझ्या ते लक्षात राहत नाही.

त्यानंतर महिनाभरात मागचं आवार पाडायचं ठरलं. त्या जागी वाहनतळ येणार होता. विलगीकरणाची नवी इमारत पाच किलोमीटरवर, माळरानाच्या टोकाला उभी राहिली होती. फरशा, कॅमेरे, चार माणसं. काकांच्या नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं. मी संचालकांना गाठलं आणि म्हटलं, काकांना पुढे आणा, टापीरांवर नेमा. मला वाटत होतं मी त्यांचं भलं करतेय. संचालक लगेच हो म्हणाले.

काका आठ दिवस पुढे आले. नवा गणवेश अंगाला मोठा होत होता. तिथे आधीपासून एक तरुण मुलगी नेमलेली होती, कामाची, हसरी. माणसं कठड्याला खेटून विचारायची, हे डुक्कर आहे की अस्वल? ती न कंटाळता सांगायची. काका कठड्यापासून जेवढं लांब राहता येईल तेवढे लांब राहायचे. मधल्या सुट्टीत ते पहिल्यांदाच सगळं संग्रहालय फिरून आले. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडून गेलेली एक झेब्रीण होती, तिच्यापुढे बराच वेळ थांबले होते म्हणे. ती चरत राहिली.

सातव्या दिवशी दुपारी मी तळ्याकाठी गेले. ती मुलगी आत होती. तिने ब्रश घेतला, टापिरिणीच्या पाठीवरून दोनदा फिरवला आणि बाई धपकन आडवी झाली. पिल्लू, आता पिल्लू कसलं, चांगलं धष्टपुष्ट झालेलं, तेही शेजारी पडलं. कठड्यावरची मुलं हसली. काका शेजारी पाइप धरून उभे होते. पाणी एकाच जागी पडत होतं आणि तिथे खड्डा झाला होता.

"कुणाच्याही हाताने पडते," ते मला म्हणाले.

"तुमची सवय लागलीय तिला," मी म्हटलं.

"नाही. ब्रशची." मग म्हणाले, "चांगलंच आहे. माझ्यावाचून अडलं असतं तर कठीण झालं असतं तिचं."

नवव्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. त्यांना माळरानावरची नवी इमारत हवी होती. मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, तिथे चिटपाखरूही नाही. ते म्हणाले, "डॉक्टर, पुढे माणसं आहेत हे खरं. पण मला दिवसभर कुणीतरी बघतंय असं वाटतं."

उरलेलं दीड वर्ष त्यांनी तिथे काढलं. इतर तिघे एका खोलीत जेवायचे, काका बाहेर पायरी नसल्यामुळे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर. मधे मी त्यांना एकदा घरी जेवायला बोलावलं. आले, खुर्चीच्या कडेला बसले, माझ्या सासूबाईंनी विचारलं तेवढं सांगितलं, आपलं ताट आपण धुतलं आणि साडेसातला निघाले. मुलीने निवृत्तीनंतर कायमचं तिकडे बोलावलं होतं. दोन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि पाच आठवड्यांनी परत आले. विचारलं तर म्हणाले, "चांगली आहेत सगळी. मला सारखं विचारायची, काही हवंय का. मला काही हवं नसायचं, आणि त्यांना वाईट वाटायचं."

पुढच्या वर्षी माझी दुसऱ्या शहरात बदली झाली. सांगायला मी लाँड्रीच्या वर गेले. त्यांनी चहा केला. दोन कप होते, एक नवा. मी नव्या जागेबद्दल, तिथल्या मोठ्या दवाखान्याबद्दल बोलत होते. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पहिले काही दिवस कुणी तुमच्याशी नीट बोलणार नाही. मनाला लावून घेऊ नका. आणि लगेच सगळ्यांच्या पुढेपुढे जाऊ नका. जेवत मात्र जा वेळेवर."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी विजेच्या बिलाच्या मागे माझा नवा पत्ता आणि नंबर लिहून घेतला, अक्षर तपासून पाहिलं आणि फोन करतो म्हणाले. केला नाही. मीही बरेच दिवस केला नाही. मग एकदा केला तेव्हा ते गडबडले, कोण म्हणून दोनदा विचारलं, आणि ओळख पटल्यावर म्हणाले, "थांबा हं, डॉक्टर, जरा कागद घेऊन येतो."